पाचव्या घरचा जोगवा

माझा तुळजाभवानीवर फार विश्वास आहे, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. गेल्या वर्षी माघात माझा उजवा हात गेला, तेव्हा कळलं की माझा विश्वास आईवर कमी आणि माझ्या उजव्या हातावर जास्त होता. हे लिहिताना लाज वाटते. पण त्याच हातानं आज लिहितेय आणि अक्षर वाकडं का होईना, उमटतंय. त्याला खोटं लिहायला लावलं तर आई मला माफ करायची नाही.

आमचं गाव जळकोटहून थोडं आत. मी इथल्या अंगणवाडीत काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. स्वभाव पहिल्यापासून तापट. माझ्या तोंडाला गावातले बाप्ये लोकसुद्धा वचकून असतात, हे मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी माझ्या गळ्यात कवड्यांची माळ घातली आणि हातात देवीची परडी दिली. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. ती उजव्या हातावर घ्यायची, दर मंगळवारी पाच घरी जाऊन दारात उभं राहायचं आणि आईच्या नावानं जोगवा मागायचा. घरातली बाई ओंजळीनं पीठ घालते. त्या पाच घरच्या पिठाची भाकरी, तोच आमचा मंगळवारचा प्रसाद. पाचही घरं सासूबाईंनी ठरवून दिलेली. पाचवं घर रजियाभाभीचं, गावाच्या पार वरच्या टोकाला. तिच्या सासूनं माझ्या सासूच्या परडीत पीठ घातलं होतं, म्हणून ती माझ्या परडीत घालते; याच्यापलीकडं त्यात विचारण्यासारखं आम्हा दोघींना कधी काही वाटलं नाही.

चाळीस वर्षांत बाळंतपण आणि सुतक सोडलं तर माझा एक मंगळवार चुकला नाही. म्हणूनच की काय, ते झालं तेही मंगळवारीच. सकाळी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकायला उचलली आणि हात भाकरीसकट खाली आला. उचलायला गेले तर उचलेचना. हाक मारायला तोंड उघडलं तर जीभ जडावलेली. आमच्या ह्यांनी जीप करून सोलापूरला नेलं म्हणून जीव वाचला. परत आले ती उजवा हात लोंबकळत, उजवा पाय फरफटत आणि तोंड वाकडं घेऊन. परडी देव्हाऱ्यापाशी खुंटीला टांगली गेली.

मग घरानं मला जे जपलं, त्याला तोड नाही. लेक वाशीहून येऊन महिनाभर राहिली. घास भरवी, पाणी पाजी, वेणी घाली. आमचे हे मुळातच अबोल माणूस, पण मी कूस वळवायची म्हटलं की आधी हे उठून उभे. बाया भेटायला येत आणि प्रत्येकीचं एकच म्हणणं, की तुम्ही काहीसुद्धा करायचं नाही, निवांत पडून राहायचं. आमच्याकडं माया करायची ती अशीच. आजारी माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही. मी पडून राहिले. विचारलं की म्हणायची, आता सगळं आईवर सोडलंय. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय ही शरणागती! आत खरी गोष्ट वेगळी होती. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या मुलांना भरवण्यात घालवला. आता कोणीतरी मला भरवत होतं आणि ते मला आवडायला लागलं होतं.

चैत्र सरला आणि एक दिवस हे जवळ येऊन बसले. म्हणाले, आईची परडी अशी रिकामी टांगून ठेवणं बरं दिसत नाही. आमच्या घरची रीत अशी, की नवरात्रातल्या मंगळवारी जिच्या नावाची परडी तिनंच पाच घरं फिरायची. ते झालं नाही तर परडी तुळजापूरला नेऊन आईच्या पायाशी परत करायची. परडी सुनेकडं जाते आणि आम्हाला सून नाही. एकुलती एक लेक, तिच्या सासरी त्यांची स्वतःची परडी आहे. म्हणजे माझ्या हातून गेली की सासूबाईंपासून चालत आलेली परडी या घरातून कायमची गेली. ह्यांचे डोळे भरले होते. मी मान हलवून बरं म्हटलं, भिंतीकडं तोंड केलं आणि आईशी जन्मात भांडले नव्हते तेवढी भांडले. चाळीस वर्षं तुझ्या नावानं दारोदार फिरले, त्याचं हे फळ का? तिनं ऐकून घेतलं. उत्तर काही दिलं नाही, निदान मला त्या वेळी तसंच वाटलं.

आता मिदोरीचं सांगते. मिदोरी जपानची. जळकोटला एका संस्थेचं उपचाराचं केंद्र आहे, तिथं ती दोन वर्षं सेवा करायला आली होती. ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांना परत चालते करायचं, हेच तिचं शिक्षण. जळकोटात राहायचं सोडून हिनं आमच्या गावात रजियाभाभीची मागची खोली घेतली, कारण काय, तर तिला गावात राहायचं होतं. मी पडले तेव्हा तिला इथं येऊन वर्ष उलटून गेलं होतं. रोज सकाळी डोक्याला कापडी टोपी घालून सायकलवरून जळकोटला जायची. आधी बायांना वाटलं, चार दिवसांत पळून जाईल. लग्न झालं का, आई-बापानं एकटीला सोडलं कसं, तुमच्याकडं ज्वारी पिकते का, हे प्रश्न तिला प्रत्येक दारात आणि प्रत्येक दारात चहा. नाही म्हणणं तिच्या रक्तातच नाही, त्यामुळं पहिला महिनाभर ती मिळेल तिथं चहा पीत सुटली. शेवटी पोट बिघडलं तेव्हा रजियाभाभीनं तिला ‘नुकताच झाला’ म्हणायला शिकवलं. मग बाई जेवायला बोलावलं तरी ‘नुकताच झाला’ म्हणायला लागली. आम्ही हसून हसून लोळायची पाळी.

पण ती टिकली. भाकरी थापायला शिकली, पायताण घालायच्या आधी झटकायला शिकली, टँकर आला की घागर घेऊन रांगेत उभी राहायला शिकली. मराठी शिकली तीही रजियाभाभीकडून, म्हणजे थेट आमचीच, लई आणि न्हायसकट. तिचं गाव समुद्राकाठचं. इथं तिला पाण्याच्या आवाजाची फार आठवण यायची, असं तिनं मला खूप नंतर सांगितलं. ओढ्याला पाणी आलं की सुट्टीच्या दिवशी ती काठावर जाऊन गुमान बसलेली दिसायची. मी मनात म्हणायची, हिला काही कामधंदा आहे की नाही.

रजियाभाभीनंच तिला माझ्याकडं आणलं. आल्या आल्या तिनं माझ्या वाकड्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघितलं. लेक मला वरणभात भरवत होती. मिदोरीनं तिच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला आणि माझ्यापुढं ठेवला. माझा डावा हात आपोआप पुढं झाला, तसा तिनं तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “मावशी, डावा खाली.” उजव्यानं कसं खायचं? निम्मं वरण लुगड्यावर, निम्मं जमिनीवर. लेक रडायला लागली, हे उठून अंगणात गेले. ती मात्र तशीच बसून राहिली. पुढं रोज संध्याकाळी येऊ लागली आणि रोज तेच. लुगडं सावरायचं, डावा खाली. तांब्या धरायचा, डावा खाली. त्या दोन शब्दांचा मला असा तिटकारा आला की बोबड्या जिभेनं मी तिला बिनकाळजाची म्हटलं. तिला त्याचा अर्थ कळला नाही. घरी जाऊन तिनं रजियाभाभीला विचारला आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला परत हजर.

एक दिवस ती आली तेव्हा हे रानात गेले होते आणि लेक तिच्या सासरी परतली होती. मिदोरीला माझ्या बोटांना काम द्यायचं होतं. उथळ, हलकं, कडा धरता येईल असं काहीतरी ती शोधत होती. तिची नजर खुंटीवर गेली. मी हां हां म्हणेपर्यंत तिनं परडी काढली, जमिनीवर माझ्यापुढं ठेवली आणि डब्यातले मूठभर जोंधळे तिच्यात ओतले. पायांत मोजे, दिवसभर शंभर जणांचे हातपाय चोळून आलेली, ना आंघोळ, ना नमस्कार आणि आईची परडी जमिनीवर! आमच्यात परडी जमिनीला टेकवत नाहीत. माझ्या अंगाची लाही झाली. तोंडातून धड शब्द निघेना, नुसता आवाज निघाला आणि मी परडी उचलायला झेपावले.

परडीची कड धरली होती ती माझ्या उजव्या हातानं.

चार महिने मेल्यासारखा पडलेला हात. तीन बोटं वळली होती आणि वेताला घट्ट धरून होती. उचलता आली नाही, वीतभर सरकली फक्त, पण सरकली. मी त्या हाताकडं बघत राहिले. मिदोरी दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली होती. मग मला रडू फुटलं आणि रडता रडताच मी तिला घरातून घालवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधीच आली. डोक्यावरून न्हालेली, केस ओले, अनवाणी. रजियाभाभीनं तिला सगळं समजावून सांगितलं होतं. उंबऱ्याबाहेरच थांबली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, “म्या चुकले, मावशी. ती आई हाय, मला न्हाय म्हाईत व्हतं.” एवढं बोलून कंबरेत वाकली ती वर येईचना. माझा राग तिथंच निम्मा झाला. उरलेला निम्मा गिळायला मला तीन दिवस लागले, कारण रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. सोलापूरच्या औषधांनी जो हात हलला नाही, जो लेकीच्या मायेनं हलला नाही, तो आईच्या परडीसाठी हलला. चौथ्या दिवशी मी ह्यांना पाट मांडायला लावला, त्यावर परडी ठेवली आणि मिदोरीला आत बोलावलं. त्या दिवसापासून माझं औषध एकच. जमिनीवरच्या ताटातला एक एक जोंधळा उजव्या हातानं उचलून परडीत टाकायचा. पहिल्या दिवशी पाच दाणे पडले. पाच, म्हणजे पाच घरांचे, असं माझं मी ठरवून टाकलं. मिदोरी म्हणायची, हात विसरलेला असतो, त्याला आवडीचं काम दिलं की आठवतं. तिचं बरोबरच असेल. मी वाद घालत नाही. माझी परडी मीच भरत होते एवढं मला दिसत होतं.

आषाढात चालायला लागले. मिदोरीनं परडीचं ऐकून घेतलं होतं, म्हणून तिनं नेमच तसा घातला. आधी एक घर, मग दोन, मग तीन. ती बाजूनं चालायची, पण हात पाठीमागं बांधून. धरायची नाही. भाद्रपदात तिसऱ्या घरासमोर माझा पाय मुडपला आणि मी भर रस्त्यात पडले. चार माणसं धावली. मिदोरीनं दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं आणि म्हणाली, थांबा, मावशी उठतील. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती हलली नाही. मी उठायचा प्रयत्न करत होते, गुडघ्यावर आलेही होते. इतक्यात आमचे हे कुठूनसे आले. तिला बाजूला सारून त्यांनी मला उचललं. चाळीस वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी सगळ्या गल्लीनं ऐकला. तिला म्हणाले, उद्यापासून आमच्या घरी यायचं नाही. आणि मला म्हणाले, बास झालं आता, परडी परत करू. गावही तेच म्हणत होतं. परक्या मुलखातली बाई, तिला आपल्या माणसाची काय कदर!

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर मिदोरी आमच्या अंगणात, लिंबाखाली. घरात यायचं नाही म्हटलं होतं, अंगणाचं कोण बोललं नव्हतं. मी दारातून बघत होते. हे बाजेवर बसले होते, तोंड फिरवून. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि थांबत थांबत, शब्द शोधत बोलली.

“काका, माझी आजी अशीच पडली व्हती. आमी समद्यांनी तिला लई माया केली. घास भरवला, उचलून नेलं, कायबी करू दिलं न्हाय. ती परत उठलीच न्हाय.”

मी मनात आईचा धावा केला, पण या वेळी परडी घरात राहू दे म्हणून नाही. मला फक्त उठायची बुद्धी दे म्हणाले. मग मी चौकट धरली, उजव्या हातानं धरली आणि एकटीनं उंबरा ओलांडून अंगणात आले. ह्यांनी वर बघितलं, अर्धवट उठले आणि परत बसले. त्या परत बसण्याला त्यांना किती त्रास झाला असेल, ते मीच जाणते. मग ते मिदोरीला म्हणाले, चहा घेशील का? आणि बाई जन्मात पहिल्यांदा ‘नुकताच झाला’ म्हणाली नाही.

नवरात्रातला मंगळवार उजाडला. न्हाऊन, मळवट भरून, माळ घालून मी परडी उजव्या हातावर घेतली. पहिली दोन घरं सरावाची. तिसऱ्या घरासमोर, जिथं पडले होते तिथं, थांबले. मागं वळून बघितलं तर दहा पावलांवर हे चालत होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून, अगदी मिदोरीसारखे. मला हसू आलं आणि हसता हसताच ती जागा पार झाली. चौथं घर झालं. मग चढ लागला. रजियाभाभीच्या दाराला तीन पायऱ्या, कठडा नाही. घरोघरच्या बाया बाहेर येऊन उभ्या, पण एक जण पुढं येईल तर शपथ. गावाला आता रीत कळली होती. पहिली पायरी चढले. दुसरीवर श्वास घेतला. तिसरीवर पाय ठेवला.

दारात रजियाभाभी डोईवर पदर घेऊन उभी आणि तिच्या शेजारी मिदोरी, ओंजळीत पीठ घेतलेली. भाभी म्हणाली, “वैनी, यंदाचा जोगवा ही घालतीया. माझ्याच घरची हाय ती.” मिदोरीनं ओंजळ रिकामी केली. चार घरचं पीठ आधीच होतं, परडी जड झाली, मनगट कापायला लागलं आणि इतक्या महिन्यांच्या सवयीनं माझा डावा हात आधाराला वर निघाला.

“डावा खाली.”

मिदोरीचं तोंड तर मिटलेलं. मागून आलेला तो आवाज आमच्या ह्यांचा होता.

मी डावा खाली घेतला. परडी कापली, कलली आणि थांबली. एका हातावर, उजव्या हातावर, पाच घरच्या पिठासकट थांबली. मी ‘आई राजा उदो उदो’ म्हटलं. माघापासून जी जीभ जड होती तिच्यातून ते शब्द लख्ख निघाले आणि सगळ्या आळीनं उदो उदो केला. मिदोरीही ओरडली, सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांच्या नंतर. त्या दिवशीची भाकरी मी थापली. वाकडी झाली, एका बाजूला जाड, एका बाजूला चिरलेली. रजियाभाभी, मिदोरी आणि आम्ही दोघं, चौघांनी मिळून खाल्ली. अशी भाकरी मी अख्ख्या जन्मात खाल्ली नव्हती.

कोजागिरीच्या आत तुळजापूरला गेलो. परडी परत द्यायला नव्हे, आईला दाखवायला. तिथं महाद्वारातून खाली पायऱ्या उतराव्या लागतात आणि अधू पायाला चढण्यापेक्षा उतरण्याचं भय मोठं. एक एक करत उतरले. आईसमोर उभी राहिले तेव्हा चैत्रातलं सगळं भांडण आठवलं आणि उत्तरही कळलं. ते तिनं कधीच पाठवलं होतं, सायकलवरून, टोपी घालून. मला ओळखू आलं नव्हतं. आणखी एक कळलं, जे चाळीस वर्षं जोगवा मागूनही कळलं नव्हतं. पीठ काही आपल्या घरी चालत येत नाही. उठायचं, दारापर्यंत जायचं, परडी पुढं करायची, एवढं आपलं. तिच्यात काय पडावं, किती पडावं, ते तिचं. मी अंथरुणावर पडून ज्याला सगळं आईवर सोडणं म्हणत होते, त्यात मी परडीच पुढं केली नव्हती.

मार्गशीर्षात मिदोरीची दोन वर्षं संपली. निघायच्या दिवशी सकाळी भेटायला आली. सामान रजियाभाभीच्या दारात, जीप उभी. मी तिची ओटी भरली, तिला कुंकू लावलं. ती रडत नव्हती, मीच रडत होते. मग आमची रीत म्हणून ती वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही, तेव्हा समजलं की तीही रडतेय. मी खाली वाकले, तिचा दंड धरला आणि तिला उभं केलं. उभी राहून ती माझ्या हाताकडं बघत राहिली, ती कशाकडं बघतेय म्हणून मीही बघितलं. मी तिला उजव्यानं उठवलं होतं आणि डावा खालीच होता.